सासूबाईंचं ‘पुन्हा’

“नाही. पुन्हा,” सासूबाई म्हणाल्या.

सुनेनं ओठांचा चंबू केला. “वेस्ट.”

“आता बरोबर. पुढचा शब्द.”

सून मनातल्या मनात चरफडली. इंग्रजीचं एक अक्षर न ओळखणारी बाई मटार सोलता सोलता आपल्या चुका काढते! आणि काढते त्या नेमक्याच असतात, हे आणखी झोंबायचं. वेस्ट म्हणजे पश्चिम, व्हेस्ट म्हणजे बंडी. लीव्ह म्हणजे निघणं, लिव्ह म्हणजे राहणं. स्टेशनवर घोषणा करायच्या नोकरीसाठी तिनं दोनदा परीक्षा दिली होती. दोन्ही वेळा तिनं प्रवाशांना बंडीच्या दारातून पाठवलं होतं आणि तिच्या तोंडून एकही गाडी सुटली नव्हती. सगळ्या मुक्कामालाच राहिल्या होत्या. परीक्षेला तीनदाच बसता यायचं. तिसरी परवावर आली होती. ती हुकली की जन्मभर रेल्वेच्या धुलाईखात्यात चादरींच्या घड्या घालणं आलं, आणि मनगटं तर आत्ताच ठणकत होती.

“भिंतीशी काय बोलतेस? तोंड इकडे कर.”

हीसुद्धा रोजचीच कटकट. समोर बस, उजेडात बस, तोंडावर हात धरू नकोस. स्वतःचा तोरा मात्र महाराणीचा. मागून कितीही हाका मारा, ढिम्म हलायच्या नाहीत. “आई ऐकून न ऐकल्यासारखं करते,” नवरा हसून म्हणायचा. “बावीस वर्षं कापडगिरणीत मागावर उभी होती. कुणाला भीक घालत नाही.” सून कामावरून घरी यावी, तर सासूबाई जुन्या फोनवर तिचेच इंग्रजीचे धडे लावून बसलेल्या. पडद्यावरची शिक्षिका तोंड वेडंवाकडं करून शब्द म्हणतेय आणि आवाज पार बंद. विचारलं तर म्हणायच्या, “डोकं उठतं गं.”

परीक्षा स्टेशनातच होती. काचेच्या खोलीत बसून खरीखुरी घोषणा करायची. साहेब बाहेर स्पीकरखाली वही घेऊन बसले होते. खोलीत जुन्या उद्घोषिका होत्या, सगळे त्यांना ताई म्हणत. नवऱ्याला सुट्टी मिळाली नव्हती म्हणून सासूबाई एकट्याच सोबत आल्या. साहेबांशेजारचा बाक रिकामा होता. तो सोडून त्या नेमक्या काचेसमोर येऊन उभ्या राहिल्या. सुनेला घाम फुटला. आता इथेही!

ताईंनी खूण केली. सुनेनं कागद धरला आणि वाचायला सुरुवात केली. वेस्ट आलं, तेव्हा ओठांचा चंबू झाला. लीव्ह आलं, तेव्हा ओठ कानांपर्यंत ताणले गेले. काचेपलीकडे सासूबाईंची मान शब्दाशब्दाला डोलत होती. शेवटचा शब्द झाला तशा त्या लहान मुलीसारख्या हसल्या.

ताईंनी कपाळाला हात लावला. “अगं, बटण कुठे दाबलंस? बाहेर एक अक्षर ऐकू गेलेलं नाही. साहेब अजून वाट बघतायत. घाबरू नकोस, हे धरणार नाहीत. चल, पहिल्यापासून म्हण.”

सुनेनं हात बटणापाशी नेला, तो तिथेच थांबला.

बाहेर एक अक्षर ऐकू गेलेलं नाही.

तिनं काचेकडे पाहिलं. सासूबाईंची नजर अजून तिच्या ओठांवर खिळलेली होती. ती नेहमी तिथेच असायची. मागांच्या खडखडाटात बायका एकमेकींचे ओठ बघून गप्पा मारायच्या, हे सासूबाईंनीच एकदा सांगितलं होतं. सुनेनं ती गंमत म्हणून ऐकली होती आणि सोडून दिली होती. म्हणजे त्या खडखडाटानं कान नेले होते, आणि पोटच्या मुलालाही त्यांनी त्याचा पत्ता लागू दिला नव्हता. जी शिक्षिका ऐकू येत नव्हती, तिच्या ओठांवरून ही बाई सुनेसाठी इंग्रजी शिकली होती. आपण हिच्यावर चरफडत होतो. सुनेला मेल्याहून मेल्यासारखं झालं. इतका जीव लावून आपल्या तोंडाकडे आजवर कुणी पाहिलं होतं? तिचे डोळे भरून आले.

मग तिनं बटण दाबलं आणि साऱ्या स्टेशनात तिची गाडी पश्चिमेच्या दारानं वेळेवर सुटली. साहेबांनी वही मिटली आणि काचेकडे बघून मान डोलावली.

“सोमवारपासून ये,” ताई म्हणाल्या.

सून बाहेर आली. सासूबाई पाठमोऱ्या उभ्या होत्या, गाड्यांच्या फलकाकडे बघत. एरवी तिनं मागूनच हाक मारली असती. आज ती वळसा घालून त्यांच्या पुढ्यात गेली, उजेडाकडे तोंड करून उभी राहिली, आणि आवाज अजिबात न काढता, नुसत्या ओठांनी म्हणाली, “आई, हे तुमच्यामुळे झालं.”

सासूबाई दचकल्या. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. चोरी पकडली गेली होती. त्यांनी पदर डोळ्यांना लावला, ते नीट पुसून घेतले, आणि पुन्हा सुनेच्या ओठांवर नजर लावली.

“पुन्हा,” त्या म्हणाल्या.