लाल वेगळ्या, हिरव्या वेगळ्या

"मावशी, लाइट!" प्रतिभा मॅडम म्हणाल्या आणि सुषमाने चारही बटणं पटापट बंद केली. खिडक्यांचे पडदे आधीच ओढलेले होते. हॉलमध्ये काळोख झाला आणि समोर रंगीत ठिपक्यांची एक मोठी चकती उमटली.

बदलापुरातल्या या शाळेत सुषमा शिपाई होती. दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी इथे विज्ञानाचं व्याख्यान असायचं आणि कुलपापासून बटणांपर्यंत सगळा कारभार तिच्याकडे. आजचा विषय होता डोळा आणि रंग. पण आज तिचं लक्ष विषयात कुठलं असायला! सुरुवातीलाच मॅडमनी माइकवरून सांगितलं होतं, "आपल्या मावशींचा दिपेश रेल्वेत असिस्टंट लोको पायलटची परीक्षा पास झालाय. मंगळवारी मेडिकल, मग थेट इंजिनात!" दीडशे माणसांनी टाळ्या वाजवल्या. तिसऱ्या रांगेत दिपेश लाजून चूर झाला. दोन वर्षं खोलीचं दार लावून अभ्यास केला होता पोराने.

"या ठिपक्यांत एक आकडा लपलाय," मॅडम म्हणाल्या. "कुठला?"

"चौऱ्याहत्तर!" अख्खा हॉल ओरडला. सुषमालाही दिसला. दिपेश मात्र गप्प होता. बुजला असेल, तिला वाटलं.

"काही जणांना लाल आणि हिरवा वेगळे दिसतच नाहीत," मॅडम सांगू लागल्या. "जन्मापासून तसंच असतं, त्यामुळे त्यांचं त्यांनाही ठाऊक नसतं. हे बहुतेक करून पुरुषांतच आढळतं आणि येतं आईकडून. आईला स्वतःला सगळं स्वच्छ दिसतं. तिच्या भावाकडे बघा, वडिलांकडे बघा. तिथे सापडेल."

सुषमाला आपला भाऊ आठवला, हरिचंद्र. माहेरी, सोनिवलीच्या मळ्यात पिकलेल्या मिरच्या तोडायला धाडलं की हा पाटी भरून हिरव्या आणायचा आणि कामचुकार म्हणून बापाचा मार खायचा. कामचुकार नव्हताच की बिचारा! तिला हसू आलं.

"आता शेवटचं चित्र. यात काय दिसतंय?"

हॉल चिडीचूप. सुषमाने पदराने चष्मा पुसून पाहिलं. नुसते ठिपके होते.

"पंचेचाळीस!"

दिपेशचा आवाज. चांगला खणखणीत. "अरे, एवढा मोठा आकडा आहे. कुणालाच दिसत नाही काय?"

लोक हसले. मॅडम हसल्या नाहीत. त्या तिसऱ्या रांगेकडे न बघताच बोलायला लागल्या, "हे चित्र मुद्दाम तसं बनवलेलं असतं. ज्यांना रंग नीट दिसतात त्यांना यात आकडा दिसत नाही. तो दिसतो फक्त..."

सुषमाने चारही बटणं एका फटक्यात चालू केली. ट्यूबलाइटच्या उजेडात ठिपके फिके पडले, आकड्याचा प्रश्नच उरला नाही. दीडशे माना तिच्याकडे वळल्या.

"चुकून दाबलं, मॅडम."

मॅडमनी तिच्याकडे पाहिलं, मग दिपेशकडे. लॅपटॉप मिटला. "बरं झालं. वेळ संपतच आली होती. विचारा प्रश्न."

पांगापांग झाल्यावर त्या मुद्दाम मागे थांबल्या. दिपेश बाहेर पाण्याचे जार उचलत होता.

"चष्मा?" सुषमाने विचारलं. "ऑपरेशन? कितीही लांब जाईन मी."

"नाही हो. यावर काही इलाज नाही." मॅडमनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. "मंगळवारी तिकडे हीच चित्रं दाखवतील, कळणारच आहे. त्याआधी घरातून कळू दे त्याला. आणि तुमची यात काही चूक नाही."

चूक नाही. पण आलंय आईकडून. मॅडम गेल्या तरी सुषमा बटणांपाशी भिंत धरून उभीच होती.

हॉलमध्ये खुर्च्या तेवढ्या राहिल्या. लाल मंडपवाल्याच्या, हिरव्या शाळेच्या. दर वेळी निवडायचं काम तिचं आणि उचलायचं दिपेशचं. तो लहान होता तेव्हापासून टोमॅटो, पेरू, शर्ट, सगळं तीच पुढे होऊन निवडत आली होती, आणि हे तिच्या आज ध्यानात आलं.

दिपेश हात पुसत आत आला. "आई, दीडशे माणसांत माझ्या एकट्याच्या डोळ्यांना दिसलं! रेल्वेवाले खूश होतील बघ."

कदाचित मॅडमचं चुकलं असेल. शिकलेल्या माणसांचंही चुकतं की.

"बाला," ती म्हणाली. घरी त्याच्याशी ती असंच बोलायची. "आज तू निवड. लाल वेगल्या, हिरव्या वेगल्या."

"त्यात काय!"

तो खुर्च्यांपाशी गेला. एकीच्या पाठीवर हात ठेवला, काढला, दुसरीवर ठेवला. मग नेहमीसारखं मान वळवून त्याने आईकडे पाहिलं, तिने बोट दाखवावं म्हणून. सुषमाने दाखवलं नाही. तिचं बोट उचलेचना. तो हसला, वाकला, आणि एक खुर्ची उचलायला लागला.

सुषमाने डोळे मिटले आणि बटणं बंद केली.

"अगं, लाइट गेली का?" काळोखातून दिपेश म्हणाला.

तिचा हात बटणांवर तसाच होता.

"गेली नाय, बाला," ती म्हणाली. "मीच घालवली."