कुलूपबंद घरातली झोप

शिंपीकाकांचं घोरणं ही अख्ख्या गल्लीची करमणूक होती. मध्येच श्वास अडकून ते गप्प झाले, की काकू दहा मोजायच्या आणि त्यांना कोपराने ढोसायच्या. मग डॉक्टरांनी झोपताना लावायचा मास्क आणि मशीन दिलं, तशी काकूंच्या कोपराला सुट्टी मिळाली.

आज मशीन पिशवीत घालून दोघं तपासणीला आले ते चोरासारखे. गेला आठवडा लेकीकडे मजेत गेला होता, पण मशीन घरीच कुलपात विसरलं होतं. आता बोलणी खावी लागणार होती.

तपासणाऱ्या मुलीने मशीन चालू करून नोंदी पाहिल्या. "शाबास काका, एकही रात्र चुकवली नाहीत. रोज आठ तास मस्त झोप."

काका गालात हसले. काकूंना हसू येईना. घराची किल्ली आठवडाभर त्यांच्याच पर्समध्ये होती.

मास्क टेबलावर पडला होता आणि मशीनच्या पडद्यावर श्वासाची रेघ संथ वर-खाली होत होती. अचानक ती सपाट झाली. काकूंनी सवयीने दहा मोजले आणि काकांना ढोसलं.

"अगं, जागा आहे मी," काका म्हणाले.

रेघ उसळून वर आली, आणि टेबलावरच्या रिकाम्या मास्कवर आतून वाफ धरली.