लाल्याची परीक्षा

मालक घरी यायला निघाला की कुत्र्याला ते दुरूनही कळतं, असा सिद्धांत चंदनने कुठेतरी वाचला. तपासायला त्याने घरात दारापाशी कॅमेरा लावला आणि आठवडाभर देवगडच्या दुकानातून मुद्दाम वेगवेगळ्या वेळी निघाला. सातही दिवस त्याचा कुत्रा लाल्या उंबऱ्याशी ढिम्म झोपलेला.

"आठ दिस फुकट गेले! मेल्याक माझा कायएक पडलेला नाय," तो बायकोवर खेकसला.

तेजस्वीने त्याच्या निघायच्या वेळा समोर ठेवून रेकॉर्डिंग पुन्हा पाहिलं.

"कुत्र्याक सोडा. पाठी आई काय करतत ता बघा."

दोन वर्षं चंदनला 'तू कोणाचो रे?' असं विचारणारी आई रोज, नेमकी तो निघाल्याच्या मिनिटाला, लाल्याला ओलांडून दाराची कडी काढत होती.