राहिलेला झ

"ही अक्षरं वाचता येत नाहीत, असं तुम्हीच म्हणायचात ना काका?" छापखान्याच्या मालकीणबाईंनी विचारलं.

"म्हणायचो," मुद्रितशोधक म्हणाले.

समोरच्या पडद्यावर, त्यांनीच घरून आणलेला, त्यांच्या मुलीचा टाइप, म्हणजे फॉन्ट, उघडला होता. तीन वर्षं खपून तिनं तो काढला होता. पन्नास-साठ वर्षांपूर्वी परदेशी गाण्यांच्या कार्यक्रमांच्या पोस्टरांवर असायची तशी अक्षरं. पोट सुटलेली, वितळत्या मेणासारखी एकमेकांच्या अंगावर ओघळणारी. वडिलांची हयात पाठ्यपुस्तकांची प्रुफं तपासण्यात गेलेली. तिनं जेवताना कौतुकानं नमुन्याचा कागद पुढे केला, तर त्यांनी लाल पेन काढून त्यावर आडवी रेघ मारली. म्हणाले, "ही अक्षरं नव्हेत, सूज आहे." ती भरल्या ताटावरून उठली, ती गेलीच.

त्याला आठ महिने झाले. शहरातच आहे, एवढं मैत्रिणीकडून कळलं होतं. फोन उचलत नव्हती. तिच्या फोटोखाली सुवाच्य अक्षरांत 'घरी ये' असं छापून त्यांनी दोनदा भिंतींवर लावलं. काही उपयोग झाला नाही.

"आता तिच्याच अक्षरांत छाप. जांभळ्यावर नारिंगी. दोनच शब्द. 'चुकलं माझं'."

मालकीणबाई जरा घुटमळल्या. "हा टाइप चहाच्या दुकानाच्या पाटीला शोभतो, गाण्यांच्या कार्यक्रमाला, टी-शर्टाला. यात कुणी माफी मागितलेली मी तरी पाहिली नाही. लोकांना काही कळायचं नाही, काका."

"लोकांची माफी कुठे मागायचीय?"

बाईंनी शब्द टाइप केले. 'मा'च्या पुढे रिकामी चौकट उमटली.

"यात झ नाहीये. तिचा काढायचा राहिला असेल. नुसतं 'चुकलं' छापू?"

"नुसतं 'चुकलं' म्हटलं, तर ती विचारेल, कुणाचं?"

"मग झ साध्या टाइपातला घालते."

मुद्रितशोधकांनी नकारार्थी मान हलवली. "कागद दे. आणि एखादा ब्रश."

खिडकीजवळच्या टेबलाशी ते बसले. जन्मभर दुसऱ्यांच्या चुका दाखवलेल्या माणसाला एक अक्षर काढताना घाम फुटला. गाठ बारीक पडली, शेपूट जाड झालं. पाच कागद फाडले. शेजारचा चहा निवून गेला, दुपार टळली. सहावा कागद त्यांनी मालकीणबाईंपुढे सरकवला.

बाईंनी तो स्कॅन करून 'मा'शेजारी बसवला. बाकीची अक्षरं लोळत, ओघळत होती. झ कितीही फुगवला तरी ताठच उभा होता.

"हा एकटा वेगळा पडतोय, काका. थोडा वळवून देऊ?"

मुद्रितशोधकांनी पडद्यावरच्या झवर बोट ठेवलं.

"नको," ते म्हणाले. "हा कुणी काढलाय, ते तिला कळू दे."