ताणाचा आकडा

कारखान्याच्या डॉक्टरांनी रिपोर्ट वाचला आणि टेबलावर पालथा घातला.

"रक्तातल्या प्रोटीनचा आकडा तिसऱ्यांदा वाढलाय," ते म्हणाले. "शरीरात कुठे गाठ धरत असली की हे प्रोटीन रक्तात वाढतं, हे खरं. पण दर वेळी गाठच असते असं नाही. ताणानेसुद्धा शरीर बिघडतं. झोप लागते का?"

रंग कालवण्याच्या विभागातला तो कामगार पाळी संपवून थेट आला होता. "लागते. म्हणजे, तुटक."

"घरी कटकट?"

त्याने बायकोकडे चोरून पाहिलं. ती शेजारच्या स्टुलावर, मांडीवरची पर्स घट्ट धरून बसली होती.

"आईचं आणि हिचं जरा वाजतं," तो पुटपुटला.

"बघा!" डॉक्टरांनी लगेच टिपून घेतलं. "पोरांची शाळा? शेजारीपाजारी?"

"शेजारी बरे आहेत," बायको म्हणाली. "आणि आमच्या घरातलं टेन्शन माझ्या लग्नाच्या आधीपासून तिथं राहतंय. इतक्या वर्षांत ते कुणाच्या रक्तात शिरलं नाही."

डॉक्टर हसले. ती हसली नाही.

"घरचं खोदून खोदून विचारलंत. हे दिवसभर पिंपात काय ओततात, ते विचारलंच नाहीत."

"वहिनी, तिथे सगळं प्रमाणात आहे. मास्क आहेत, पंखे आहेत."

"पंखे पाहणीच्या दिवशी फिरतात," कामगार बोलून गेला.

बायकोने पर्समधून एक कागद काढला. वरची नावाची ओळ तिने आत दुमडली होती. "बाहेरच्या लॅबमधला आहे. जरा बघता?"

डॉक्टरांनी आकड्यावर बोट ठेवलं. कपाळावरची आठी सैल झाली. "तेच प्रोटीन, तसंच वाढलेलं. म्हणजे आमची लॅब चुकली नाही. संशय आला होता की काय आमचा? ह्यांना सांगा, डोकं शांत ठेवा."

"हा ह्यांचा नाही," ती म्हणाली. "माझा आहे."

कामगाराची मान झटकन तिच्याकडे वळली. त्याला यातलं काही म्हणजे काहीच माहीत नव्हतं.

"कारखान्याच्या फाटकातून मी आज पहिल्यांदा आत आले. ह्यांचे कामाचे कपडे तेवढे रोज हाताने धुते."

डॉक्टरांनी एकदा दाराकडे पाहिलं. आवाज उतरवून म्हणाले, "म्हणजे ताण दोघांनाही आहे. एका घरात राहता, साहजिकच आहे."

कामगार उठला. पायाशी ठेवलेल्या पिशवीतून त्याने आजचा शर्ट काढला आणि टेबलावर पसरला. बाह्या कोपरापर्यंत पिवळ्या झाल्या होत्या.

"ताणच असेल, डॉक्टर," तो म्हणाला. "हा जरा हातात धरा."

डॉक्टरांनी दोन्ही हात टेबलावरून उचलले आणि खुर्ची मागे सरकवली.

शर्टाची एक बाही टेबलाच्या कडेवरून घसरली. सवयीने बायको ती सावरायला पुढे झाली.

त्याने तिचं मनगट धरलं.