गोवऱ्यांचा हुडवा

निवृत्तीने शेगडीत पळाट्यांची, कपाशीच्या वाळल्या काड्यांची, आणखी एक पेंढी मोडून घातली. जाळ भडकला, खोलीभर धूर झाला आणि पाहता पाहता राख उरली. विस्तव काही धरेना. बाजेवर सुभद्रा खोकत उठून बसली. ती त्याची एकुलती लेक, पहिलटकरीण म्हणून माहेरी आली होती. सकाळपासून तिला कळा येत होत्या.

"पऱ्हाटीच्या काड्यानं कुठं बाळंतिणीची खोली तापते?" मनकर्णाबाई म्हातारी दारातूनच ओरडली. गावातली अर्धी पोरे तिच्या हातावर झाली होती. "दिवस बुडाला का गारठा पडते. गोवऱ्या आन. गोवरीचा विस्तव दमानं राह्यते."

"शालिग्रामच्या घरी मागून पाह्यतो, काकी."

"सोताच्या अंगणात हुडवा भरून हाये, अन् लोकाच्या दारी मांगाले चालला! राज्य नवं आलं बापा, पन थंडी तं तीच हाये. जाय, फोड तो हुडवा."

निवृत्ती अंगणात आला. गोठ्याच्या भिंतीजवळ गोवऱ्यांचा तो हुडवा उभा होता. गोवऱ्या रचून वरून शेणाने लिंपलेला. पावसाळाभर निवृत्तीने त्यावर तुराट्या झाकल्या होत्या, पोपडा निघाला की पुन्हा लिंपले होते. त्यातली एकही गोवरी त्याने चुलीत घातली नव्हती.

त्याची बायको रुखमा वैशाखात गेली. तो शेतात होता. निरोप ऐकून पळत आला, तेव्हा तिला अंगणात निजवले होते. तिची लुगडी त्याने देऊन टाकली. फोटो कधी काढला नव्हता. तिच्या हातचे लोणचे होते, तेही संपले. राहिला तो हा हुडवा. प्रत्येक गोवरीवर थापणारीचा पंजा उमटतो. खालच्या बाजूला थोडे निघालेले लिंपण त्याने मुद्दाम तसेच ठेवले होते, तिथे एका गोवरीवरचा पंजा दिसायचा. वैरण टाकून झाली की निवृत्ती तिथे बसायचा आणि त्या पंजावर आपला हात ठेवायचा. हा हात आपण अंधारातही ओळखू, असे त्याला वाटायचे.

आत सुभद्रा कण्हली. तिच्या आधी झालेले त्याचे दोन मुलगे याच खोलीत पौषातल्या थंडीने गेले होते. तो तेव्हाही असाच बाहेर उभा होता. त्याने कुदळ उचलली, डोक्यावर नेली, आणि खाली ठेवली. पुन्हा उचलली. शालिग्रामचे घर गावाच्या दुसऱ्या टोकाला होते. जावे, तर इकडे काय होईल याची भीती. न जावे, तर समोर रुखमा.

"फोडला का रे?" आतून मनकर्णाबाई ओरडली. "का हुडव्याले पुसून राह्यला?"

सुभद्रा भिंत धरत अंगणात आली. म्हातारीने तिला फेऱ्या मारायला सांगितले होते. बापाच्या हातातली कुदळ तिने पाहिली.

"बाबा, काऊन थांबले?"

"तुह्या मायचे हात हायेत बाई याच्यात," निवृत्ती म्हणाला. "कसे जाळू?"

सुभद्राला कळ आली. तिने हुडव्याला हात टेकला आणि दात आवळून उभी राहिली. कळ गेली तरी तिने हात काढला नाही.

"माय थापतच नव्हती, बाबा. माघात मी आली होती नं, तवाच तिले शेन कालवलं का दम लागे. ती बाजूले बसे अन् मी थापो. तुह्या बाबाले सांगू नको म्हने, तो मानूस घाबरते." तिने श्वास घेतला. "या साऱ्या माह्याच हातच्या हायेत."

निवृत्ती तिच्याकडे पाहत राहिला. तिचा हात अजून हुडव्यावर होता. थंडीने उललेला. त्याने तो हळूच उचलून बाजूला केला आणि कुदळ घातली.