एल्गुजाचा बिअरचा पेला

जरा सरकून जवळ बसा, आमच्या राचाच्या डोंगरातली एक गंमत सांगतो.

'जॉर्जियातली पाहण्यासारखी दहा गावं' निवडायला डेटलेफ नावाचा जर्मन लेखक आमच्याकडे आला. यादीत नाव लागलं तरच नर्गिझाची बंद पडत आलेली खानावळ तगणार होती, म्हणून अख्ख्या गावानं त्याला तिथंच जेवायला बसवलं. आमच्यात मित्राच्या नावानं वाइनचा पेला उचलतात. बिअरचा उचलतात तो शत्रूच्या नावानं. गावात पेले उचलायचा मान आमच्या एल्गुजाचा. त्यानं वाइनचे अकरा पेले उचलले, तेव्हा डेटलेफ तोंड पुसत म्हणाला, "जेवण झकास. पण तुमच्या गावात पाहण्यासारखं काही नाही हो."

"नर्गिझा, बिअर आण गं," एल्गुजा शांतपणे म्हणाला.

"अरे, पाहुणा देवानं धाडलेला असतो," ती कुजबुजली.

"मग देवाचा पत्ता चुकला असेल. आण तू."

आम्ही सगळे उभे राहिलो आणि पाहुण्याच्या नावानं बिअर प्यालो. डेटलेफच्या डोळ्यांत पाणी आलं.

महिन्याभरानं यादी आली. पहिलं नाव आमचं: 'इथली माणसं एरवी वाइनच पितात, पण जर्मन पाहुण्याचा मान राखायला उभं राहून बिअरचा पेला उचलतात.'



आता रोज बस भरून भले जर्मन येतात, हौसेनं तोच मान मागून घेतात, आणि एल्गुजा रोज संध्याकाळी चर्चमध्ये माफीची मेणबत्ती लावतो. प्रार्थनेला बसाल तेव्हा बिचाऱ्याची आठवण असू द्या.